कॅप्टनसाहेबांचा पट्टा

घाना या देशात मी ढोल ऐकायला गेलो, आणि आम्ही अक्राच्या विमानतळावर उतरलो त्याच्या आदल्याच सोमवारपासून त्या शहरात महिनाभर ढोल वाजवायला बंदी लागली होती. असं नशीब आमच्या घराण्यातच असतं.

घराण्याचा विषय निघालाच आहे तर ओळख करून देतो. आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलो, असं आम्ही सांगतो. आता फौज म्हटली की घोड्यांना खरारा करणारे, तंबू ठोकणारे, भाकऱ्या भाजणारे असणारच. पण ते बहुधा वाटेतच परतले असावेत, कारण बेंगळुरूत पोचले ते झाडून सगळे सरदार. आमच्या समाजानं या घराण्यांच्या वंशावळीचं पुस्तक काढायचं ठरवलं आहे. समितीचे अध्यक्ष गोविंदण्णा, चिटणीस मी. के. आर. पुरमजवळच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हा तेव्हापासून माझा स्वभाव झाला आहे, म्हणून आलेल्या वंशावळी तपासायचं काम माझ्याकडे दिलं. शिवाय मी तबला वाजवतो. म्हणजे शनिवारच्या भजनात वाजवतो आणि लोक चालवून घेतात.

आमची मुलगी गौरी अक्रात पाण्याच्या एका प्रकल्पावर इंजिनियर आहे. दोन वर्षं ती "या, या" म्हणत होती. शेवटी माझी बायको शकुंतला म्हणाली, "स्वल्प दिवस जाऊन येऊ हो. पोरीचं लोणचं संपलं असेल." मी ढोलांसाठी गेलो आणि ती लोणच्यासाठी. तिची खेप गौरीच्या घरी पोचताच सफल झाली.

अक्रा

बंदीची हकीकत अशी. अक्राचे मूळ रहिवासी गा लोक. पेरणीनंतर पीक जमिनीत आणि देव आपल्या घरात शांत असावेत म्हणून त्यांच्यात महिनाभर ढोल बंद ठेवायची रीत आहे. देवळातले पुजारी तारीख जाहीर करतात आणि सरकारसुद्धा ती पाळायला सांगतं. चर्चनं आपला आवाज भिंतींच्या आत ठेवायचा, कर्णे उतरवायचे. मी चहाचा कप हातात धरून हे ऐकत राहिलो. आमच्या गल्लीत गणपतीचा ऑर्केस्ट्रा संपला की कन्नड राज्योत्सवाचा सुरू होतो. तिथे कुणी अशी बंदी घातली तर पहिली मिरवणूक बंदीच्या स्वागताची निघेल.

बंदी ढोलावर होती, गाण्यावर नव्हती. अक्रात गाणं हवेसारखं सगळीकडे असतं. माणसं कोंबून वडाप करणाऱ्या व्हॅनला तिथे ट्रोट्रो म्हणतात. तिच्या मागच्या काचेवर देवाचं नाव आणि आतल्या स्पीकरवर कमरेचा नाच. मग एकदम भक्तिगीत, मग पुन्हा कमर. दोन्हींत ठेका तोच. ड्रायव्हरला मी विचारलं, यातलं देवाचं कुठलं? तो म्हणाला, "काका, जे रविवारी लागतं ते." शेजारची बाई डोक्यावर अंड्यांची चळत घेऊन ताल धरत होती. आमच्याकडे माणसं गाणं ऐकताना फक्त मान हलवतात, तीसुद्धा आपल्याला कळतंय हे शेजाऱ्याला दिसावं म्हणून.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गौरी आम्हाला समुद्राकाठच्या एका खाणावळीत घेऊन गेली. शकुंतलासाठी तळलेली राजेळी केळी आल्या-मिरचीत घोळून आली. ती म्हणाली, "अय्यो, हे तर आपल्याकडेही जमेल की," आणि दोन बशा संपवल्या. कोपऱ्यात अंकल क्वेसी नावाचे पंचाहत्तरीचे गृहस्थ गिटार घेऊन बसले होते. शेजारी त्यांची बायको रिकाम्या बाटलीवर चमचा वाजवत होती. ढोल नाही, तर बाटली. देवांनाही ती चालत असावी.

ते वाजवत होते त्याला हायलाइफ म्हणतात. अंकल क्वेसींनी नावाची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या काळात मोठमोठ्या क्लबांतून बँड वाजत. आत जायला उंच टोपी आणि लांब शेपटीचा कोट लागे. ज्यांच्याकडे तो नसे ते रस्त्यावर उभे राहून ऐकत आणि म्हणत, हे बड्यांचं जगणं, हायलाइफ. "नाव बाहेर उभ्या असलेल्यांनी ठेवलं," ते म्हणाले, "आणि आतले कोण होते ते आता कुणाला आठवतही नाही."

मी ऐकत होतो, पण माझी बोटं टेबलावर हिशेब करत होती. केरवा म्हणावा तर बसत नव्हता. बाटलीचे पाच ठोके यायचे, मधे कुठेतरी दम घ्यायचे, आणि मी मान हलवली की नेमका तिथे ठोका नसायचा. अंकल क्वेसींची बायको माझ्या मानेकडे बराच वेळ दयेनं बघत होती. शेवटी तिनं बाटली माझ्या हातात दिली. तबलजी म्हणून गौरीनं आधीच माझी जाहिरात केलेली होती. मी चमचा उचलला. गिटार सुरू झाली. अर्ध्या मिनिटात अंकल क्वेसी वाजवायचे थांबले, पोटभर हसले, मग पुन्हा सुरू झाले.

"सम कुठे आहे यात?" मी चिडून विचारलं.

"सम म्हणजे काय?" बाई म्हणाली.

मी सांगितलं, सम म्हणजे सगळे येऊन भेटतात ती जागा.

"आम्ही भेटलेलोच आहोत," ती म्हणाली. "तुम्ही कुठे गेला होतात?"

शकुंतला इतकी हसली की तिला ठसका लागला. गौरीच्या ऑफिसातला याकूबू त्या दिवशी आमच्याबरोबर होता. शांत, जाड चष्म्याचा, उत्तरेकडच्या तमाले गावचा. त्याला माझी दया आली. तो म्हणाला, "बंदी इथली आहे, आमच्याकडची नाही. शनिवारी माझ्या मुलीचं नाव ठेवायचं आहे. तुम्ही आमच्या घरी या. माझे काका ढोलवाले आहेत."

तमाले

अक्रा दमट, तर तमाले कोरडं, लाल मातीचं, कडुनिंबाच्या सावलीचं. मोटारसायकलींवर बायका अख्खा संसार घेऊन जातात. जेवायला मक्याच्या पिठाचा शिजवलेला मऊ गोळा, हिरव्या बुळबुळीत पाल्याच्या आमटीबरोबर. मी बोटानं तोडला, आमटीत बुडवला आणि न चावता गिळला. याकूबूच्या घरचे थक्क झाले. परदेशी पाहुणे चावतात म्हणे. त्यांना काय सांगू, रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, खाऊन वाढलेल्या माणसाला गोळा गिळायला शिकवावं लागत नाही. शकुंतला मात्र शाकाहारी, आणि तिच्या आमटीत मासळीची पूड निघाली. तिनं ती यजमानीणबाईंना कळणार नाही अशा बेतानं माझ्या वाटीत ओतली. संसार पस्तीस वर्षांचा आहे.

याकूबूच्या आत्याला जुनी हिंदी सिनेमातली गाणी पाठ होती, पन्नासेक तरी. अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. त्या भागात दोन पिढ्या हे सिनेमे बघून मोठ्या झाल्या आहेत. तिनं मला एकेका ओळीचा अर्थ विचारायला सुरुवात केली. माझं हिंदी रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरतं. तीन ओळींनंतर ती निराश झाली आणि म्हणाली, अर्थ कळत नव्हता तेव्हाच बरं होतं.

मग याकूबूचे ढोलवाले काका, फुसेनीकाका, आले. सत्तरीचे, काटक, अंगात पट्ट्यापट्ट्यांचं हातमागाचं घेरदार झबलं. काखेत लुंगा. आपल्या डमरूचा थोरला भाऊ म्हणा. बाजूच्या दोऱ्या काखेत दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. वर वाकडी काठी मारायची. तिथली बोलीही अशीच चढत्या-उतरत्या सुरांची असल्यानं हा ढोल वाजत नाही, बोलतो. आणि काय बोलतो? नावं बोलतो. गावातल्या प्रत्येकाच्या आजा-पणजाचं नाव आणि त्या नावाबरोबरची एक म्हण या ढोलवाल्यांना पाठ असते. बारशाला, लग्नाला, मयताला ढोलवाला तुमच्यासमोर उभा राहतो, तुमच्या आज्याला हाक मारतो आणि तुम्ही उठून रिंगणात नाचायचं. वंशावळीचं पुस्तकच ते, फक्त काखेत धरायचं आणि खोटं छापता न येणारं. मी चिटणीस म्हणून मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

"उद्या पाहुण्यांना पण हाक द्यायची आहे," याकूबू म्हणाला. "काकांना तुमच्या आजोबांबद्दल सांगा."

या प्रश्नाची तर मी आयुष्यभर वाट बघत होतो. मोबाईल काढला आणि आजोबांचा फोटो दाखवला. हनुमोजीराव. हाच फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे आणि पुस्तकाच्या पहिल्या पानासाठी मी तोच ठरवला होता. लाल कोट, पितळी बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर सोनेरी झालर, आणि डाव्या खांद्यावरून छातीवर आडवा उतरलेला रुंद चामडी पट्टा. कमरेच्या वरच फोटो संपतो. "फौजेत कॅप्टन होते," मी सांगितलं. "हा तलवारीचा पट्टा."

याकूबूनं भाषांतर केलं. फुसेनीकाकांनी मोबाईल लांब धरला, जवळ आणला. मग उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या डाव्या खांद्यावर बोट ठेवून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?" मी याकूबूला विचारलं.

"म्हणतात, तलवार एवढी जड नसते. पट्ट्याखाली कोट गोळा झाला आहे. मान दुसरीकडे कललेली आहे. फोटो काढतानासुद्धा ओझं अंगावर होतं, फक्त चित्रात आलेलं नाही." याकूबूनं चष्मा पुसला. "म्हणतात, या माणसानं ढोल वाहिला आहे."

काकांनी आपल्या झबल्याचा गळा बाजूला केला. त्यांच्या धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर मोठा ढोलही तेच वाहत होते. खांद्यावर पट्ट्याची काळी, घट्ट झालेली वळी होती.

"नाही," मी म्हणालो. "फौजेत होते."

काका रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, आणि याकूबूनं मान खाली घालून त्याचं भाषांतर केलं. ढोलानं खोटं नाव घेतलं तर ते वाजवणाऱ्याला लागतं, त्याच्या मुलाबाळांना लागतं. म्हणून उद्या ते मला हाक देणार नाहीत. खरं नाव मिळालं तर देतील. मग याकूबू स्वतःहून मला एवढंच म्हणाला, "काका, माझ्या घरचा पाहुणा हाकेविना बसून राहिला तर लोक मला विचारतील, याला वाडवडील नाहीत का?"

माझ्या लबाडीची किंमत त्या गरीब, सज्जन माणसाला त्याच्या पोरीच्या बारशात मोजावी लागणार होती. दुपारभर मी निंबाखाली बसून राहिलो. संध्याकाळी काका नमाजाहून परतले तेव्हा त्यांना थांबवलं आणि याकूबू, शकुंतला, गौरी सगळ्यांसमोर पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेल्या माणसानं स्वतःच्या घरातली खोट सांगितली.

हनुमोजीराव चिकपेटमधल्या लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. मला ते लहानपणापासून माहीत होतं. कॅप्टन त्यांना माझ्या वडिलांनी केलं, आजोबा गेल्यावर. मी एकोणीस वर्षांचा असताना कॉलेजातल्या मित्राच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. वरातीपुढे बँड, आणि बँडमध्ये आजोबा. घाम गळतोय, पट्टा छातीत रुतलाय. मला बघून ते हसले. मित्र म्हणाला, "तो म्हातारा तुझ्याकडे बघतोय. ओळखतोस का?" मी म्हणालो, "छे. बँडवाला आहे कुणीतरी." त्यांना ते ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. ढोल चालू होता. पण मी तोंड फिरवलं ते त्यांना दिसलं. घरी आल्यावर कोट काढता काढता त्यांनी मला फक्त विचारलं, "जेवायला काय होतं रे लग्नात?" मी म्हणालो, चिरोटी होती. "बरं झालं," ते म्हणाले. पुढच्या वर्षी ते गेले. मी त्यांची माफी मागितली नाही. मला ढोलाची लाज वाटली होती, आणि त्यानंतर जन्मभर मला माझी लाज वाटत आली आहे.

एवढं बोलून मी शकुंतलाकडे बघायला घाबरलो. तिच्यापासून मी हे पस्तीस वर्षं लपवलं होतं.

"मला माहीत होतं हो," ती म्हणाली. "लग्न ठरवताना तुमच्या आईनंच सांगितलं माझ्या आईला. म्हणाल्या, पोराला बोलू नका, त्याला वाटतं कुणाला माहीत नाही."

"मला आजीनं सांगितलेलं," गौरी म्हणाली.

म्हणजे कॅप्टन हनुमोजीरावांच्या फौजेत शेवटपर्यंत उरलेला एकमेव सैनिक मीच. फुसेनीकाकांनी एकच गोष्ट विचारली: तुमच्याकडे बँडवाल्यांना लग्नात जेवायला वाढतात का? वाढतात, मी म्हणालो, सगळ्यात शेवटी, मागच्या दाराला. त्यांनी मान हलवली आणि लुंगा काखेत घेऊन ते चालू लागले.

सकाळी आठ दिवसांच्या बाळाचं डोकं न्हाव्यानं भादरलं, मौलवींनी त्याच्या कानात नाव सांगितलं. आपल्या बारशाला कानात कुर्र करतात त्याची आठवण झाली. बायकांनी शकुंतलाला आपल्यात ओढून नेलं होतं. मग ढोल सुरू झाले. चार लुंगा आणि दोन मोठे. एकेकाला हाक आली. आत्या नाचली, मास्तर नाचले, एक लठ्ठ कंत्राटदार गिरकी घेताना झबल्याची छत्री करून गेला. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, आपलं माणूस दारात उभं असल्यासारखा. फुसेनीकाका सरकत सरकत माझ्यासमोर येऊन थांबले. काख दाबली. याकूबू माझ्या कानाशी ओरडत होता:

"हनुमोजीच्या नातवा! ज्याच्या ढोलामागून सगळं गाव जेवायला गेलं, आणि स्वतः दाराबाहेर उभं राहून ज्यानं विचारलं, पोटभर जेवलात ना, त्याच्या नातवा, ऊठ!"

मी उठलो. गौरीनं माझ्या अंगात चढवलेलं झबलं दोन मापं मोठं होतं, उजवा गुडघा दुखत होता, आणि नाच तर मला आयुष्यात आला नाही. मी रडत रडत नाचलो. कुणी हसलं नाही. मोठा ढोल वाहणारा माणूस माझ्या अगदी जवळ येऊन वाजवत राहिला, आणि त्याच्या खांद्यावरचा पट्टा मी हातानं धरला तर त्यानं धरू दिला.

बेंगळुरू

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत मी समितीपुढे माझ्या घराण्याचं दुरुस्त पान वाचलं. "हनुमोजीराव. चिकपेटमधल्या लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवत." कॉफीचे पेले खाली आले.

"प्रल्हादा," गोविंदण्णा म्हणाले, "बँड नको रे. वाद्यवृंद लिही."

"संगीत-संयोजक चांगलं दिसेल," दुसरे सदस्य म्हणाले.

"ढोल वाजवायचे," मी म्हणालो. "डाव्या खांद्यावर घेऊन."

"अरे, तू एकट्यानं असं लिहिलंस तर बाकीच्यांच्या पानांकडे लोक बघायला लागतील!" गोविंदण्णांना इतकं कळवळून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, अण्णा, चिटणीस म्हणून माझं कामच ते आहे. शेवटी ठराव झाला की सगळ्या घराण्यांना कागद परत पाठवावेत आणि मनाला माहीत आहे तेच लिहून महिन्याभरात द्यावं, अशी विनंती करावी. "सरी, ठीक आहे," गोविंदण्णा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी सही केली.

त्याला आता आठ महिने होत आले. दोनदा आठवण केली. कुणाचे कागद गावाला आहेत, कुणाचे वाळवीनं खाल्ले. अध्यक्षांचं पान अजून तपासणीत आहे. छापखानेवाल्यानं मात्र आपला कागद तयार ठेवला आहे आणि माझं पान तेवढं जुळवून दिलं आहे. आजच्या घडीला बेंगळुरूच्या जुन्या मराठी घराण्यांच्या वंशावळीत एकच घराणं आहे, आणि ते ढोलवाल्याचं आहे.